बर्फवाल्या सरांचा समुद्र

आमच्या सरांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि समुद्राविषयी त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. नागपुरात बसून दक्षिण ध्रुवाजवळच्या गोठलेल्या समुद्राचे नकाशे काढणं, हे त्यांचं पंचवीसेक वर्षांचं काम. समुद्र जितका लांब असू शकतो तितका लांब असलेल्या गावात हे खातं काढण्याची कल्पना कोणाची, ते कोणी सांगत नसे. बहुधा त्या माणसाची वेळेवर बदली झाली असावी. मे महिन्यात बाहेर डांबर पातळ होत असताना आत आम्ही बर्फ किती जाड झाला यावर वाद घालत असू. ते राहत त्या मनीषनगरात त्यांना 'बर्फवाले सर' म्हणत, आणि लग्नसराईत एकदोघांनी घरी येऊन मठ्ठ्यासाठी लाद्या मिळतील का असं विचारलंही होतं.

समुद्र पाहायची संधी आली नव्हती असं नाही. लग्नानंतर गोव्याला जायचं ठरलं होतं; सर काकूंना चिखलदऱ्याला घेऊन गेले, आणि काकू ते अजून विसरलेल्या नाहीत. कामासाठी दोनदा मुंबईला गेले, बैठक संपली की स्टेशनवर येऊन बसले. मी एकदा म्हटलं, "सर, चौपाटी जवळच होती ना? जाऊन यायचं होतं." तर म्हणाले, "काहून? त्याच्यात बर्फ असते का?" पाहायचा तर गोठलेलाच समुद्र, नाहीतर पाहायचाच नाही, असा त्यांचा पण. दक्षिणेला जाणाऱ्या मोहिमेसाठी ते दरवर्षी अर्ज करत, आणि दरवर्षी त्यांच्याऐवजी कोणीतरी वजनदार माणूस जाऊन पेंग्विनबरोबर फोटो काढून येई. सर तो फोटो बारकाईने पाहत आणि पेंग्विनच्या मागचा बर्फ पहिल्या वर्षाचा की जुना, ते सांगत. पेंग्विनजवळ उभ्या असलेल्या माणसाबद्दल काही बोलत नसत.

माणसांना ते गावाच्या नावाने हाक मारत. मी काटोलची, म्हणून 'काटोल'. आमचे मोठे साहेब खरे अमरावतीचे, पण त्यांना सर पाठीमागे 'दिल्ली' म्हणत, कारण साहेबांचं सगळं ध्यान तिकडे. मी नोकरीवर आले त्या दिवशी सरांनी उपग्रहाच्या रडारने काढलेलं एक चित्र माझ्यापुढे टाकलं. कुठे पांढरं, कुठे काळं. मी हुशारीने म्हटलं, "पांढरा बर्फ, काळं पाणी." सर इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या दोन खोल्यांतली माणसं बोलावून मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

मग शिकवलं. "रडारले रंग नाही दिसत वं. ते वरून हात फिरवते. खरबरीत लागलं तं पांढरं दाखवते, गुळगुळीत लागलं तं काळं. पानी शांत असलं तं गुळगुळीत. कालच जमलेला नवा बर्फबी गुळगुळीत. मंग सांग, काळं म्हणजे काय?" याचं उत्तर 'वाऱ्याला विचारून सांगते' असं होतं, हे समजायला मला सहा महिने लागले. वारा जोरात असेल तर उघड्या पाण्यावर लाटा उठतात आणि ते पांढरं दिसतं. तेव्हा काळा राहिलेला भाग पाणी नसतो, बर्फ असतो. वारा पडलेला असेल तर दोन्ही काळंच. अशा जागी सर नकाशावर आडव्या रेघा मारून स्वच्छ अक्षरात लिहीत, 'माहीत नाही'. सकाळी खात्यात शिरताना लोक एकमेकांना चहा झाला का विचारतात, सर विचारत, "वारा विचारला का?"

मोठ्या साहेबांना या 'माहीत नाही'चा फार त्रास होई. वर पाठवायच्या नकाशात अज्ञानाला जागा असावी, हे त्यांच्या बढतीला परवडणारं नव्हतं. "हे लिहायला सरकार पगार देतं का?" असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं. सर म्हणाले, "साहेब, जे माहीत हाय त्याचा देते. हे मी फुकट लिहून देतो."

आणि निवृत्तीला वर्ष राहिलं असताना सरांचं नाव यादीत आलं. पुढच्या मोहिमेला ते जाणार होते. चमत्कार असा की नाव चुकून आलेलं नव्हतं. आम्ही दोनदा फोन करून खात्री केली. सर जिने चढायचा सराव करू लागले. भर मार्चमध्ये सीताबर्डीला जाऊन त्यांनी लोकरी मोजे मागितले, तेव्हा दुकानदाराने आधी त्यांना खुर्ची दिली आणि मग पाणी. काकूंना ते म्हणाले, "पाह्य, गोव्याले नाही गेलो ते बरंच झालं." काकूंनी दिलेलं उत्तर इथे लिहिता येण्यासारखं नाही.

मोहिमेआधीच्या वैद्यकीय तपासणीसाठी त्यांना चार दिवस दिल्लीला जावं लागलं. तेव्हा त्या वर्षीच्या मोहिमेचं जहाज माणसं घेऊन परत निघालं होतं आणि त्याला आमचा रोजचा नकाशा जाई. सरांच्या सहीशिवाय नकाशा जात नसे. एरवी सहीपूर्वी स्वल्पविरामसुद्धा तपासणाऱ्या या माणसाने जाताना माझ्या हातात चार कोरे, सही केलेले कागद दिले. म्हणाले, "काटोल, तू हायस म्हणून जाऊन राहिलो." इतका मान मला आजवर कोणी दिला नव्हता, आणि मी तो तिसऱ्या दिवशी घालवला.

त्या दिवशी जहाजाच्या वाटेवर मोठा काळा पट्टा आला होता. आदल्या दिवशी तिथे पाणी होतं. साहेब मागे उभे राहून घड्याळ पाहत होते आणि 'आज तरी ते माहीत नाही नको' असं प्रेमाने सांगत होते. मी वाऱ्याची नोंद न उघडता लिहिलं, 'खुलं पाणी'. जहाज त्या पट्ट्यात शिरलं. रात्रीतून जमलेला नवा बर्फ होता. मागून वाऱ्याने जुने तुकडे रेटले, आणि जहाज पाच दिवस अडकून पडलं. कोणाला काही झालं नाही, हे आमचं नशीब.

सर परत आले, नकाशा पाहिला आणि एवढंच विचारलं, "वारा किती होता?"

"खूप होता, सर."

"मंग?"

"मग ते पाणी नव्हतं."

"समजलं ना. जाय, जेवून घे."

चौकशीला तीन जण आले. अशा वेळी माणसाची उंची कळते म्हणतात. माझी त्या दिवशी नीट मोजून झाली. "नकाशा कोणी काढला?" असं विचारल्यावर मी टेबलाच्या कडेचा सनमायका पाहत बसले. मोठ्या साहेबांना अचानक खोकला आला. सर म्हणाले, "सही माझी हाय. कोऱ्या कागदावर सही करनारा मीच, दुसऱ्या कोनाले काहून विचारता?" महिन्याभरात यादी बदलून आली. सरांचं नाव काढलेलं होतं, आणि खात्याला मिळालेली मोहिमेतली जागा वाया जाऊ नये म्हणून तिथे माझं घातलं होतं. मी नकार लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका सुधारल्या, मग फाडला. "तू नाही गेली तं फोटोवाला जाईन. ते पायजे का तुले?"

मी गेले. मी तिथे असतानाच ते निवृत्त झाले. परतल्यावर मेच्या एका दुपारी त्यांच्या घरी गेले, तर सर चष्मा पुसून तयार बसलेले. माझे सगळे फोटो त्यांनी पाहिले, प्रत्येक बर्फाचं वय सांगितलं, एकदोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं. जाऊन आले होते मी, आणि माहिती ते देत होते. मग फोटो बाजूला ठेवून जरा संकोचाने म्हणाले, "त्याचा आवाज येते का वं? ते रडारात नाही समजत."

मी म्हटलं, येतो. सर उठले आणि त्यांनी कूलर बंद केला. काकूंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. मी सांगितलं की जहाज चालतं तेव्हा पत्र्यावरून पत्रा ओढल्यासारखा कर्कश आवाज येतो. जहाज थांबलं की सगळं गप्प होतं, आणि मग फोडणीत शेवटचे मोहरीचे दाणे तडतडावेत तसं दूरवर कुठेतरी बारीक तडतडत राहतं. सर डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या कपाळावरून घामाची धार वाहत होती आणि ती ते पुसत नव्हते. माझ्याने पुढे बोलवेना. एवढ्या वर्षांत ज्या माणसाने दुसरं काही मागितलं नव्हतं, त्याच्या वाट्याचा समुद्र मी पाहून आले होते.

"सर," मी म्हटलं, "त्या दिवशी चौकशीत मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आता बोल ना," ते म्हणाले. "थांबली काहून? जहाज थांबल्यावर काय होते म्हने?"

मी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. अंधार पडायला लागला तरी कूलर बंदच होता.