रिकामी फाईल

नागपुरातल्या आमच्या कॉलेजात समुपदेशन कक्षाबाहेर एक शिपाई स्टुलावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर उगाच खेकसायचा. मला तो मुळीच आवडायचा नाही.

नापास झाल्यावर मी तीन दिवस त्या दारासमोर नुसत्या चकरा मारल्या. मैत्रिणींनी पाहिलं तर, या धास्तीनं आत पाऊलच पडेना. चौथ्या दिवशी तो सगळ्यांदेखत ओरडला, "रिकामी काहून फिरून राहिली वं? ह्या फाईलवर म्याडमची सही आण!"

मॅडमनी फाईल न उघडताच बाजूला ठेवली आणि मला बसवलं. निघताना मी ती उघडली. आत एकही कागद नव्हता; कडा मात्र हाताळून हाताळून मऊ झाल्या होत्या.

रडून लाल झालेले डोळे घेऊन बाहेर आले, तोच तो गरजला, "एका सहीले एवढा वेळ लागते का वं?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. माझ्याकडे कोणीच नाही.