कुमुदकाकूंचे हजार फूट

कुमुदकाकू मला आवडायच्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण काकूंना खोटं खपायचं नाही, तेव्हा निदान त्यांच्याबद्दल लिहिताना तरी मी ते करणार नाही.

पहिल्यांदा त्या दिसल्या आमच्या घरासमोरच्या फुटपाथवर, एका शनिवारी सकाळी. सत्तरीच्या बाई, सलवार-कमीज, त्यावर रस्त्यावरच्या कामगारांचं चमकणारं पिवळं जाकीट, पायांत स्नीकर्स आणि हातात लांब दांडीचं एक चाक. ते ढकलत त्या चालल्या होत्या आणि फुटाफुटाला ते टक्‌ टक्‌ वाजत होतं. मी बाहेर जाऊन इंग्रजीत विचारलं, काय चाललंय म्हणून. माझी टिकली पाहून त्यांनी मराठीत उत्तर दिलं, "थांब गं, आकडा चुकेल." मग कोपऱ्यापर्यंत गेल्या, बॉलपेननं तळहाताच्या मागे काहीतरी लिहिलं, आणि परत येऊन खिशातले शेंगदाणे माझ्यापुढे धरले. मी घेतले नाहीत.

काकू मूळच्या बार्शीच्या. इथे परदेशात आल्या तेव्हा सरकारी मोजणीखात्यात चिकटल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची एक सरकारी यादी असते, वेबसाइटवर फोटो आणि पत्त्यासकट. आमच्या राज्यात या यादीतल्या माणसाला शाळा, पाळणाघर किंवा मुलांच्या मैदानापासून हजार फुटांच्या आत राहता येत नाही. हा नियम आला तेव्हा त्याचा नकाशा काढण्याचं काम काकूंच्या टेबलावर आलं. त्यांनी एकेका शाळेभोवती वर्तुळ काढलं. सगळी वर्तुळं काढून झाली तेव्हा गावात राहायला उरलं होतं कचराडेपोमागचं रान आणि हायवेलगतच्या बंद दुकानाचं पार्किंग. "माझ्या हातची वर्तुळं आहेत ती," असं त्या सांगायच्या, कुणी विचारो न विचारो. रिटायर झाल्यापासून टाऊन कौन्सिलच्या प्रत्येक मीटिंगला जाऊन नागरिकांना मिळणाऱ्या तीन मिनिटांत त्या हा नियम बदला म्हणून सांगत होत्या.

मला हे सगळं कळलं तेव्हा माझी ईशा बारा वर्षांची होती. माझं डोकंच फिरलं. जगात इतकी दुःखं पडली आहेत, आणि या बाईंना कळवळा कुणाचा, तर त्या लोकांचा? महाराष्ट्र मंडळात त्यांच्याशी कुणी धड बोलत नसे. त्या मात्र हळदीकुंकवाला इरकल नेसून यायच्या, वाण घ्यायच्या आणि पर्समधून सह्यांचा कागद काढायच्या. मी एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "काकू, तुम्हाला मूलबाळ नाही म्हणून हे सुचतं का?" काकूंनी कागद घडी करून परत ठेवला. "मी त्यांची वकील नाही," त्या म्हणाल्या. "मी मोजणीवाली. आधी मोज, मग ओरड."

आमच्या वसाहतीच्या मागे, ओढ्यापलीकडे, एका जुन्या घरात मिसेस कॅरल नावाच्या म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. त्यांना चालणं होईना, तेव्हा त्यांचा मुलगा सांभाळायला येणार अशी बातमी आली. मुलगा यादीत होता. गुन्हा वीस वर्षांपूर्वीचा, पण खरा आणि वाईट. काकूंनीही तो कधी झाकला नाही. कायद्याने त्याला येता येत होतं, कारण जवळची शाळा हजार फुटांच्या बाहेर होती. काकूंनीच ते चाकाने मोजून त्याला कागद करून दिला होता.

मग आम्ही जे केलं, ते आमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. वसाहतीच्या मालकीचा एक तुकडा ओढ्याजवळ पडून होता. तिथे मुलांचं मैदान झालं तर ते घर हजार फुटांच्या वर्तुळात येणार होतं. धावपळ मी केली. परवानगी काढली, सह्या गोळा केल्या. झोपाळे दिले मधुकाकांनी. मधुकाका म्हणजे मंडळाच्या संस्थापकांपैकी, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, दर रविवारच्या मराठी शाळेत मुलांना फुकट तबला शिकवणारे. दसऱ्याला त्यांच्याच हस्ते नारळ फोडला आणि 'बालोद्यान' अशी पाटी लावली. पेढे वाटले. काकू कुंपणाबाहेर चाक घेऊन उभ्या होत्या. मी मुद्दाम त्यांच्यापुढे पेढ्यांचा डबा धरला, आणि त्यांनी पेढा घेतला नाही. मला वाटलं, जिंकले.

मुलगा आला नाही. हायवेलगतच्या त्या पार्किंगमध्ये गाडीत राहायला लागला. दिवसा आईकडे येऊन जाई, रात्री परत जावं लागे. जानेवारीत मिसेस कॅरल स्वयंपाकघरात पडल्या आणि सकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या. काकू डब्यातून वरणभात घेऊन गेल्या तेव्हा त्यांना त्या सापडल्या, पण फार उशीर झाला होता. मी हळहळले, नाही असं नाही. पण मनात म्हटलं, आपलं मूल तर सुरक्षित आहे. त्या झोपाळ्यांवर मी कधी कुणाचं मूल बसलेलं पाहिलं नाही, आमचंही नाही.

त्यानंतर सव्वा वर्षाने, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात काकू होत्या आणि त्यांच्या शेजारी माझी ईशा. ईशा तेव्हा चौदा वर्षांची. स्कूलबसच्या थांब्यावर दोघींची ओळख झालेली. ईशाला ते चाक ढकलायला आवडायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी चाक ढकलता ढकलता तिने विचारलं होतं, "काकू, व्हॉट इफ ही इज नॉट ऑन द मॅप?"

काकूंनी चाक गवतावर आडवं केलं आणि तिच्याबरोबर फुटपाथच्या कडेला बसल्या. ईशाने मधुकाकांचं नाव घेतलं. मराठी शाळा आमच्याच घरी भरायची, आणि तबल्याचा वर्ग खालच्या मजल्यावरच्या खोलीत. पुढचं मी लिहिणार नाही. ते माझ्या मुलीचं आहे.

मला वाटलं होतं, आता ही बाई समजुतीच्या गोष्टी सांगेल, माणूस बदलतो वगैरे. मंडळातल्या लोकांनाही तसंच वाटलं. त्यांच्यातले दोघं दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. मधुकाकांचं वय बघा, त्यांचं काम बघा, घरातली गोष्ट घरात राहू दे, मुलीचं नाव खराब होईल, असं म्हणाले. काकू म्हणाल्या, "नाव खराब व्हायला तिने काय केलंय?" आणि दार लावून घेतलं. पण तोवर आमची तक्रार झालेली होती. आदल्या संध्याकाळीच त्यांनी मला पोलिसांकडे नेलं होतं. गाडी त्यांनीच चालवली. ईशा आत बोलत होती तोवर त्या माझ्या शेजारी बाकावर बसून होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे म्हणण्याचा त्यांना पुरेपूर हक्क होता. त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्याचाही मला राग आला.

खरा राग वेगळाच होता. माझ्या मुलीने ते मला सांगितलं नाही, त्यांना सांगितलं. मी एकदा ईशाला त्याबद्दल विचारलंही. ती म्हणाली, "यू वुड हॅव स्क्रीम्ड, आई. शी जस्ट आस्क्ड मी क्वेश्चन्स." हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मधुकाकांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, तुरुंग झाला, सुटल्यावर नाव यादीत चढलं. आणि त्यांचं घर त्यांनीच दिलेल्या झोपाळ्यांपासून हजार फुटांच्या आत निघालं. त्यांना घर सोडायची नोटीस आली त्या दिवशी मी दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले. हा नियम असावा तर असा, असं मी येईल त्याला सांगत होते.

पुढच्याच मंगळवारी कौन्सिलची मीटिंग होती. मी मुद्दाम गेले, मागच्या रांगेत बसले. काकू उठल्या, चष्मा पुसला, आणि तेच तीन मिनिटांचं भाषण त्यांनी पुन्हा केलं. हजार फुटांनी कुठलं मूल वाचल्याचं मी मोजणीत पाहिलं नाही, म्हणाल्या. माणूस कुठे झोपतो हे पोलिसांना ठाऊक असलेलं बरं की नसलेलं, म्हणाल्या. एक शब्द गाळला नाही.

मीटिंग संपल्यावर बाहेर त्यांच्या गाडीपाशी मी त्यांना गाठलं. "त्या माणसासाठीसुद्धा?"

"त्याच्यासाठीसुद्धा."

"तुम्हीच माझ्या पोरीला पोलिसांकडे घेऊन गेला होतात ना?"

"म्हणूनच त्याला शिक्षा झाली. ती व्हायलाच हवी होती." त्यांनी चाक डिकीत ठेवलं. "तुझा राग बरोबर आहे गं. नियम चुकीचा आहे. रागाच्या मापाने केलेला नियम आपल्याच दाराशी थांबतो, आत बघत नाही."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते सगळं उभं राहून ऐकलं. त्यानंतर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ईशा जायची त्यांच्याकडे, मी अडवलं नाही एवढंच. गेल्या शिशिरात काकू झोपेतच गेल्या. मंडळाने दोन ओळींचा ईमेल पाठवला. अंत्यविधीला आम्ही नऊ जण होतो, आणि त्यांत मागे, दाराशी, मिसेस कॅरलचा मुलगा टोपी हातात धरून उभा होता. मी त्याला नमस्कार केला नाही. खोटं सांगणार नाही म्हटलंय.

काकूंनी चाक ईशाच्या नावाने ठेवलं होतं. ती कॉलेजला गेली, चाक गॅरेजमध्ये राहिलं. परवा रविवारी गॅरेज आवरताना ते हाताला लागलं. मी ते घरात आणलं, काटा शून्यावर केला आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी ठेवलं. रविवारी मराठी शाळेच्या मुलांसाठी मी तिथेच उभी राहून पोहे करायची. तिथून ढकलत निघाले. जेवणाचं टेबल, जिना. जिन्यावर चाक उचलून पायऱ्या तेवढ्या हाताने मोजल्या, काकूंनी तसंच केलं असतं. मग खालच्या खोलीचं दार.

एकतीस फूट. तबल्याच्या आवाजाचा बाकीच्या वर्गांना त्रास नको म्हणून ते दार दर रविवारी मीच ओढून घ्यायची.