साप चावल्याची वेळ

साप चावल्यापासून औषध मिळेपर्यंत किती वेळ जातो, यावर आमच्या दवाखान्यात मी संशोधन करत होतो. उशिरा आणणाऱ्या नातेवाइकांवर आधी खेकसायचो, मग फॉर्म भरायचो.

एका दुपारी सिरसाळ्याकडच्या बाईनं नवऱ्याला आणलं.

"अर्धा घंटा झाला, साहेब."

त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, श्वास अडकत होता. तिच्या गावाहून इथवरचा रस्ताच तासाभराचा. श्वासनलिकेत नळी घालता घालता मी ओरडलो, "खरं सांगा!"

ती दचकून म्हणाली, "सकाळीच चावला. आता सुई देताल ना?"

टेबलावर भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा होता. जवळजवळ प्रत्येकावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, अर्धा तास.