रुक्मिणबाईच्या हातातला हिरवा चुडा

मुखेडच्या शाळेत मी खेळ शिकवते आणि संध्याकाळी बायका-मुलींना कराटे. माझ्या आवाजाला अख्खी शाळा टरकते. मी टरकते ती फक्त रुक्मिणबाईंना. त्यांची सून राजकन्या माझ्या वर्गात यायला लागली तेव्हा वाटलं, आता ही बाई काठी घेऊन दारात उभी राहणार. राहिल्याही, पण सुई-दोरा घेऊन.

"मॅडम, हे छातीचं चिलखत पार उसवलंय की! असलं घालून लेकरानं मार खायचा व्हय?"

त्या दिवसापासून आमचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात गेलं. नडगीच्या पॅडचे तुटके पट्टे त्या दाभणानं शिवायच्या. घामानं कुबट झालेले हातमोजे उन्हात वाळवून वर त्यात कडुलिंबाचा पाला कोंबायच्या. आम्ही नाक दाबून हसायचो, तर म्हणायच्या, "हसा, हसा. खरूज झाली की रडत माझ्याकडंच याल." ऐन उमेदीत नवरा गेलेला. दुसऱ्याच्या रानात राबून एकटीनं लेकाला, हणमंताला वाढवलं. आता त्याची बायको लढायला निघाली होती, आणि तिच्या अंगावर ओरखडा उठू द्यायचा नाही असं या बाईनं मनावर घेतलं होतं.

अडून बसायच्या त्या एकाच गोष्टीवर. "मंगळसूत्र देवापुढं ठेव, चालंल. पण सवाष्णीनं मोकळ्या हातानं हिंडायचं न्हाई." मग सरावाला राजकन्या बांगड्या वर सरकवून त्यावर फडकं गुंडाळायची. लातूरच्या स्पर्धेत हे चालणार नाही, बांगड्या काढाव्याच लागतील, हे मी सांगून सांगून थकले. "हाव, हाव," म्हणायच्या.

लातूरला जिंकली तर राज्याच्या संघात निवड होती. राजकन्येनं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. तिचं नाव पुकारलं, हातमोजे घालायला तिनं हात पुढं केले आणि मी कपाळावर हात मारला. दोन्ही मनगटांत नवा कोरा हिरवा चुडा, एकदम घट्ट!

"काल कासाराकडं नेलं व्हतं," रुक्मिणबाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या कामाला जायली, हात भरून जाऊ द्या म्हणलं."

पंच भला माणूस होता, पण नियमाला पक्का. काच फुटली तर दोघींना लागेल, म्हणाला, आणि पुन्हा पुकारल्यावर आली नाही तर बाद.

"फोडा," मी म्हटलं. घाईत तोंडातून गेलं.

"खबरदार!" रुक्मिणबाई माझ्यावर वाघिणीसारख्या धावल्या. "माझ्या फोडल्या व्हत्या दगडानं. त्यो आवाज अजून कानात हाय माझ्या. हिच्या हाताला दगड लावाल तर याद राखा!"

सुनेला ओढत त्यांनी नळावर नेलं. साबण चोळला, अंगठा तळहातात दाबला आणि एकेक बांगडी अशी सोडवली की एकीलाही तडा नाही. राजकन्येच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. मी बॅग पुढं केली.

"बॅगेत? माझं लेकरू जितं हाय, त्याच्या बायकोचा चुडा बॅगेत टाकता?"

मी माझा हात पुढं केला. माझं मनगट कसलं, मुसळच ते! एक बांगडी शिरेल तर शपथ. तिकडं पुन्हा पुकारा झाला. रुक्मिणबाईंनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. इतक्या वर्षांचे मोकळे, वाळलेले हात. आणि सरळ चढवल्या की हो बांगड्या! मी बघतच राहिले.

"बघायलाव काय नुसतं? पॅड बांधा तिला!"

राजकन्या पहिली लढत जिंकली, दुसरीही. शेवटची मात्र लातूरच्या एका उंचपुऱ्या पोरीशी होती. तिची लाथ राजकन्येच्या छातीवर धप्पकन बसली. पण सासूची शिवण उसवली नाही. गुणांत मात्र आम्ही मागं पडलो. वेळ संपत आली होती. तेवढ्यात गर्दीतून आरोळी आली, "राजे, उचल पाय!" मागोमाग बांगड्यांचा खणखणाट. राजकन्येनं पाय उचलला तो थेट समोरचीच्या कानशिलाशी. पूर्ण गुण! सुवर्णपदक आमचं! मी चक्क नाचले. लाज कसली त्यात?

परतीच्या एसटीत रुक्मिणबाई बांगड्या उतरवायला लागल्या. राजकन्येनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, आत्याबाई. मी दुसऱ्या भरते. तुमच्या हातात लई चांगल्या दिसायल्यात."

"येडी झालीस का? लोक काय म्हणतील?"

राजकन्येनं बॅगेतून हातमोजे काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. "कुणी काही म्हणलं तर हे घाला."

रुक्मिणबाई हसता हसता पदरात तोंड लपवून रडल्या. मुखेडच्या स्टँडवर उतरलो तर नेमकी त्यांच्या गल्लीतली एक बाई समोर. तिची नजर मनगटावर गेली. "अगं बाई! रुक्मिणबाई, हे काय हो हातात?"

रुक्मिणबाईंनी हातमोजे माझ्याकडं दिले. पदर मागं सारला आणि दोन्ही हात तिच्या तोंडासमोर धरले.

"माझ्या सुनेनं जिंकून आणल्यात. बघ, नीट बघ."