उत्तमभाऊजींची सावड

उत्तमभाऊजींनी आमच्या घरून नेलेली वस्तू कधी आपणहून परत आणली, असं मला आठवत नाही. विळा असो, कढई असो, वस्तू गेली की गेली. लग्न होऊन मेडशीत आले तेव्हा मला वाटलं, माणूस विसरभोळा असेल. मग वाटलं, लबाड असेल. एकदा पाहुणे दारात आणि पिठाची चाळणी त्यांच्या घरी, तेव्हा मी तणतणत त्यांच्या ओसरीवर गेले. चाळणी स्वच्छ पुसून खुंटीला टांगलेली. "भाऊजी, काम झालं की वापस आणून द्यावं माणसानं!" मी म्हटलं. तर हे खुशाल बाजेवर बसून हसतात! "मांगाले आल्या ना तुमी? बसा आता, चहा घ्या. मी आणून देल्ली असती तं तुमी कायले आल्या असत्या?" चहा घेऊनच उठावं लागलं. पाहुणे माझ्या घरी ताटकळले ते वेगळंच.

भाऊजी आमचे शेजारी आणि आमच्या ह्यांचे, म्हणजे दिनकररावांचे, लंगोटीयार. गावात भिंतीला भिंत, शेतात धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध. अंगानं काटकुळे, खांद्यावर दुपट्टा, आवाज मात्र असा की फाट्यावरची एसटी थांबावी. दाराची कडी वाजवणं त्यांना माहीतच नव्हतं. भिंतीपलीकडून हाक यायची, "दिनकऱ्या, जित्ता हाय का बे?" आणि आमचे हे, जे माझ्याशी दिवसभरात मोजकंच बोलत, ते इकडून ओरडायचे, "तुह्या आधी नाई मरत!"

दोघांची सावड होती. एक बैल आमचा, एक त्यांचा, मिळून जोडी. एका साली आधी त्यांचं शेत पेरायचं, मग आमचं. पुढच्या साली आधी आमचं. डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी असो, तुरीची सोंगणी असो, आज हा त्याच्याकडे राबला की उद्या तो ह्याच्याकडे. पैशाचा संबंध नाही. आणि दिवस कमीजास्त झाले की दोघं ओसरीवर बसून असे भांडायचे की नवख्या माणसाला वाटावं, आता डोकी फुटणार. मी आधी आधी घाबरायची. नंतर चहाचं आधण चढवून मोकळी व्हायची.

मग ह्यांची मोटारसायकल घसरली. पायात रॉड पडला, काठी कायमची हातात आली. तिफणीमागं चालणं संपलं, म्हणून आम्ही बैलही विकला. भाऊजींनी आपल्या बैलाला दुसरा जोडीदार आणला आणि मृग लागल्यावर आम्हाला न विचारता, न सांगता आमचं शेत पेरून टाकलं. संध्याकाळी भिंतीवरून सांगितलं, "झाली रे तुही पेरणी. तुरीचं तास जरासं वाकडं गेलं, बोंबलू नको." मला गहिवरून आलं. ह्यांनी मात्र तोंड फिरवलं.

आता इथं फोन आला मधे. बाजेवर पडल्या पडल्या ह्यांना फोनवरून पैसे पाठवायचा नाद लागला होता. दूधवाला, दाढीवाला, कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. पाय गेल्यापासून हा स्वभावच झाला होता त्यांचा. भाऊजींनाही त्यांच्या मुलानं, पुण्याला कंपनीत असलेल्या अमोलनं, असाच फोन घेऊन दिलेला, बँकेलाही जोडून दिलेला. नातीचं तोंड दिसतं म्हणून ते तो जपायचे, बाकी त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी बचत गटाचं काम करते, त्यामुळे गल्लीतले सगळे अडलेले फोन माझ्याच ओट्यावर येतात.

तर एक दिवस भाऊजी फोन हातात धरून माझ्यापुढं उभे. "वहिनी, हे पाहा बरं. पैसे आले म्हणते. कोणाचे आले?"

मी पाहिलं आणि वाचून दाखवलं. आमच्याच घरून आले होते. खाली ह्यांनी लिहिलं होतं, 'पेरणीचे.'

भाऊजींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "मजुराले पैसे देतेत वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले. एवढा हळू आवाज त्यांना असेल असं मला वाटलंच नव्हतं. "मी मजूर झालो का त्याचा? वापस पाठवा. आन लिहा त्याच्यात."

"काय लिहू?"

"लिहा, हरामखोरा."

"मी नाही लिहिणार तसं. नवरा आहे माझा."

"मंग लिहा, 'कोणाची पेरणी?'"

मी लिहिलं. पैसे परत गेले. घरात येते तर हे लालबुंद. "पाठव वापस! मले नाई चालत कोणाचं फुकटचं." पुन्हा पाठवले. ह्यांचे डोळे एखाद्या शब्दापलीकडं बारीक अक्षराला कच खातात, भाऊजींना टाइप येत नाही, म्हणजे दोन्हीकडच्या भांडणाची कारकून मीच. एकाचे पैसे पाठवून होत नाहीत तो दुसरा हजर. 'सावड म्हणजे पैसे नाई.' परत. 'मी सावड कशानं फेडू?' परत. भिंत मधे एवढी एवढीशी, हाक मारली तर ऐकू जाईल, आणि हे दोघं बँकेतून भांडून राहिले होते! शेवटी मी दोन्ही फोन ओट्यावर आपटले आणि म्हटलं, मला अजून स्वयंपाक आहे, तुमचं तुम्ही बघा.

पैसे त्या वेळी भाऊजींकडून आमच्याकडे आलेले होते, ते तसेच राहिले. पण हाका बंद झाल्या. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा, बैलाला घातलेल्या शिव्या ऐकू यायच्या, 'जित्ता हाय का' मात्र कोणी विचारेना. गंमत बघा, डवरणीला भाऊजी आमच्या शेतात होतेच. आले, डवरे हाणले, धुऱ्यावर ठेवलेलं पाणीसुद्धा न पिता निघून गेले.

मी ह्यांना बोलले. "कशाला तोडता एवढ्या वर्षांचं?"

तेव्हा हे पहिल्यांदा फुटले. "मी कुठं तोडून राह्यलो? तो येते, राबते, चालला जाते. मी काय करू? पाह्यत बसू? सावडीत दोन माणसं लागतेत. माह्या जागी आता कोण हाय?" आणि तोंडावर दुपट्टा ओढून पडून राहिले. दोघांपैकी कोणाचं चुकलं म्हणावं, हेच मला कळत नव्हतं. दोन्ही घरांत जेवण बेचव झालं होतं एवढं खरं.

सोयाबीन निघायला आलं. एका सकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि भाऊजींची बंडी आमच्या दाराशी उभी. खाली उतरले, सरळ आत आले, माझ्याकडे न बघता ह्यांच्या बाजेपुढं उभे राहिले.

"चाल. माह्यं सोयाबीन खळ्यात पडून हाय. थ्रेशरवाला सांजच्याले यिन म्हणते आन मले मालेगावले जाणं हाय. डुकरं, बकऱ्या सारं तुडवतीन."

"माह्यानं चालणं होत नाई," हे म्हणाले.

"चालाले कोण सांगून राह्यलं बे? बसाले सांगून राह्यलो. बूड तं शाबूत हाय ना?"

मी पदर तोंडावर धरला. हे उठून बसले. मग काठी शोधायला लागले. काठी भाऊजींनी आधीच बंडीत नेऊन ठेवली होती.

त्या दिवशी हे उन्हानं काळवंडून, घसा बसवून परत आले. गावच्या सगळ्या बकऱ्यांना आणि त्यांच्या मालकांना नावं ठेवत भाकरीवर तुटून पडले. जेवता जेवता भिंतीकडे तोंड करून ओरडले, "उत्तम्या, माहा एक दिवस फिटला!"

तिकडून आवाज आला, "अर्धा! दुपारी घोरत होता म्हणे, मले समजलं!"

बाप्पा, मला एवढा आनंद झाला की मी ह्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली.

त्यानंतर भाऊजींनी ह्यांना सोडलंच नाही. खतासाठी रांगेत बसवलं, मोंढ्यात काट्यावर नजर ठेवायला उभं केलं, तुरीवरची पाखरं हाकायला नेलं. भावाची घासाघीस करण्यात आमचे हे आधीपासून चिवट, आता तर भाऊजींचा मालही ह्यांच्याच तोंडानं विकला जायचा. "तुह्या पायानं मले नफा झाला," भाऊजी म्हणायचे. सावडीचे दिवस मोजायला बसले की आता भाऊजींच्याच अंगावर निघायचे, आणि त्यात त्यांना कोण समाधान! "राहू दे ना अंगावर. कुठं पळून चाल्लो मी?"

पण गेलेच की पळून. मागच्या हिवाळ्यात, हरभऱ्याला पाणी देता देता धुऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. ह्यांना मी लग्नानंतर कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि देवा, पुन्हा दाखवू नको.

तेरवीला अमोलनं, रीत असते तसं, चारचौघांत हात जोडून विचारलं. "बाबांकडं कोणाचं काही राहिलं असेल तर सांगा. मी आत्ताच पाठवून देतो." फोन हातातच होता. शहाणा मुलगा, आल्यापासून सगळं नीट करत होता, डोळ्याला पाणी मात्र नाही. खतवाल्यानं सांगितलं, अमोलनं पाठवलं. ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं, त्यालाही पाठवलं.

मग आमचे हे काठीवर जोर देऊन उठले. "माह्यं हाय."

तेरवीच्या दिवशी, त्या पोराला, हे काय मागतात? मी खालून धोतर ओढलं. ह्यांनी माझा हात झटकला.

"किती आहेत काका? नंबर सांगा."

"पैसे नाईत. तुह्या बापाच्या अंगावर माह्या सावडीचे दिवस हायेत. ते फोननं नाई फिटत. बाप गेला, पण सावड तुह्या घराची हाय. आता तू फेड. मृगात ये, तिफण धर."

"काका, मला... मला तिफण धरता येत नाही."

"मी कायले हाय मंग?"

अमोलचा फोन धरलेला हात खाली आला आणि तो माणसांनी भरलेल्या मांडवात, लहान पोरासारखा, मोठ्यानं रडायला लागला. हे लंगडत त्याच्यापर्यंत गेले.

"कवा येशीन ते सांग," हे म्हणाले.

"येतो काका. पेरणीला येतो."