जिती लावरी

तलासरीच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या रांगेमागे एक मावशी बसायची. नाव मी कधी इचारलं नाय. टोपलीवर भाजीचा पाला आणि पाल्याखाली जित्या लावऱ्या, रानातली पाखरं, मुठीत मावतील एवढी. त्या इकायला बंदी हाय, जंगलखात्याच्या गार्डने बघितलं तर घेणारापण अडकतो, म्हणून माझा जीव नुसता घाबरा. पण पोरगी दीड वर्साची झाली तरी उभी राहत नव्हती, अंगणवाडीत वजन भरत नव्हतं, आणि सासू बोलली, लावरीचा रस्सा पाज, पायात जोर येईल.

मावशी आधी पैसे घेतच नव्हती. पाल्यात हात घालून पक्षी काढायची, अंगठा त्याच्या डोक्यावरून एकदा फिरवायची आणि घेणाऱ्याच्या मुठीत द्यायची. मग त्याच्या हाताकडेच बघत राहायची.

माझ्या मुठीत दिली. इवलीशी, गरम, नुसती धडधड. मी इकडेतिकडे बघते, हात लटलट कापतो. तिने लावरी काढून घेतली.

"तुला नाय देत."

"मावशी, पोरीसाठी पायजेल. गार्डला घाबरले मी."

"गार्ड मलापण धरेल. पण असल्या हाताने तू मान अर्धीच मुरगळशील, ती तडफडत राहील. तो गुन्हा कोण पकडणार?"

मी कडेवरच्या पोरीकडे बघितलं. पाय नुसते लोंबत होते. मी परत हात पुढे केला. तिने लावरी ठेवली, थोडा वेळ बघितलं, मग बोलली, "ने."

हात जरापण कापला नाय. घरापर्यंत चालत गेले, तर गार्डची नाय, माझ्याच त्या हाताची भीती वाटत होती.