हो, नाही आणि काहीच नाही

आमच्या ऑफिसात त्याला सगळे चिकटराव म्हणत. हात तसा सैल होता त्याचा. चहाचे पैसे दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचा नाही. चिकटपणा सगळा कॉम्प्युटरच्या मेमरीपुरता.

"नुसतं हो की नाही एवढंच ठेवायचंय, त्याला एक बिट पुरतो, एक नाहीतर शून्य," तो कडाडायचा. "प्रोग्रॅमचं हे आयतं फ्रेमवर्क आख्खा बाइट घेतं, म्हणजे आठ बिट! आणि ‘अजून उत्तरच आलं नाही’ असंही ठेवायचं म्हटलं, की वर आणखी पेटारा मांडतं. चमचाभर साखरेला पोतं!" आम्ही हसायचो. मेमरी आता रग्गड झालीय, हे काही कुणाला त्याच्या गळी उतरवता आलं नाही.

मग त्याच्या बायकोला पक्षाघात झाला. वहिनी भारी बोलक्या, त्या एका फटक्यात गप्प झाल्या. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. चिकटरावानं इवल्याशा मेमरीचं जुनं सर्किट शोधून त्यांच्यासाठी डबी बनवली. हिरवं बटण हो, लाल बटण नाही. उत्तर एका बिटात: एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. काहीच दाबलं नाही तरी शून्यच राहायचा, पण तेव्हा त्यानं काही अडत नव्हतं. विचारणारा तोच, उशाशी बसलेला. डोळा लागला असेल तर त्याला दिसायचंच.

लेक परगावी नोकरीला होती. तिलाही आईशी बोलता यावं म्हणून त्यानं डबी फोनला जोडली. लेकीनं प्रश्न लिहिला की डबी तो मोठ्यानं वाचायची, जरा थांबायची आणि उत्तर पाठवायची. एकदा माझ्यासमोरच मायलेकींचं चाललं होतं. वहिनींच्या डोळ्यांत नुसता आनंद होता.

एका दुपारी चिकटराव औषधं आणायला गेला असताना लेकीनं विचारलं, "आई, येऊ का?" उत्तर गेलं, नाही. तिच्या मनाला ते फार लागलं. बापाशीही ती काही बोलली नाही. त्याच आठवड्यात वहिनी अचानक गेल्या.

सगळं उरकल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा लेक आईच्या पलंगावर बसली होती.

"आईनं मला नको का म्हटलं, बाबा?"

काय झालं ते ऐकून चिकटराव पांढराफटक पडला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. थाप मारायचीच तर ती वेळ होती, पण या माणसाला थापा कुठल्या जमायला! त्यानं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ती झोपलेलीही असेल?"

"असेल. शेवटी शेवटी बहुतेक वेळ झोपूनच असायची."

"की खरंच नको म्हणाली?"

"ते आता नाही कळायचं, बाळा. दोन्हीला मी शून्यच ठेवला होता."

"वेगळं ठेवायला किती जागा लागली असती?"

"आणखी एक बिट."

तिनं आईची उशी मांडीवर ओढून घेतली.

"मी बॅग भरून बसले होते, बाबा."